चार कप्प्यांचे नाना

काही माणसं वस्तू साठवतात, काही पैसे. नाना पुरावे साठवतात. कशाचे, ते विचारू नये; अजून कुणी मागितलेले नाहीत. शिपिंग कंपनीच्या रेकॉर्ड खात्यात त्यांची उभी हयात गेली आणि प्रत्येक कागद तीन प्रतींत ठेवायची सवय ग्रॅच्युइटीबरोबर डोंबिवलीला घरी आली. विजेचं बिल आलं की आधी स्कॅन होतं, मग भरलं जातं. रॉकेलच्या नोंदी असलेलं जुनं रेशनकार्ड, लोकलचे संपलेले पास, गॅसचा नंबर लावल्याची पावती, मुलाच्या मुंजीची व्हीएचएस कॅसेट (तिची पुढे सीडी झाली, सीडीची फाइल झाली), दर गणपतीतल्या आरासीचे फोटो आणि त्या फोटोंत न आलेल्या कोपऱ्यांचे वेगळे फोटो. लग्नाला गेले तर नाना हातातल्या अक्षता खिशात ठेवून आधी पत्रिकेचा फोटो काढतात.

"असू दे, लागतं कधी तरी," हे त्यांचं पालुपद.

या सगळ्याला हक्काची जागा हवी म्हणून नानांनी नॅस घेतला. ज्यांच्या घरी हे प्रकरण अजून शिरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: ही चार कप्प्यांची एक काळी पेटी असते, दर कप्प्यात एक हार्ड डिस्क. पेटी राउटरला जोडली की घरातला कुठलाही फोन, टीव्ही, लॅपटॉप तिच्यातलं काहीही उघडू शकतो. उघडू शकतो, उघडत कुणी नाही. नाना तिला सर्व्हर म्हणतात, वहिनी डबा म्हणतात आणि केरफरशीला येणाऱ्या मावशी "ते लुकलुकतं ते" म्हणतात. धूळ बसते म्हणून वहिनींनी तिच्यावर क्रोशाचं झाकण विणून घातलं. मागच्या पंख्याचं तोंड त्यात बुजलं हे नंतर कळलं, पण पेटी दिसायची मात्र झकास.

डिस्क नानांनी लॅमिंग्टन रोडवरून आणल्या. चार टीबीच्या चार, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातल्या, कारण चार घेतल्यावर दुकानदाराने भाव सोडला. घरी येऊन बघतात तो एकेक डिस्क ३.६ टीबीची दिसतेय. नाना दुसऱ्या दिवशी पुन्हा ग्रँट रोडला. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि कॉम्प्युटर १०२४ च्या, हा हिशेब दुकानदाराने त्यांना गिऱ्हाइकं सांभाळत उभ्याउभ्या समजावला. नानांना तो पटला, पण दूधवाल्याने मापात मारल्यावर जी चुटपुट लागते ती काही गेली नाही.

मग प्रवचनं सुरू झाली. पेटीत त्यांनी रेड-५ लावलं होतं. ही कल्पना १९८८ साली बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एका निबंधात मांडली: एकच महागडी मोठी डिस्क घेण्याऐवजी स्वस्तातल्या पुष्कळ एकत्र बांधा आणि एखादी गेली तरी काम अडणार नाही अशी तजवीज करा. नाना पॅटरसनचा उल्लेख 'आपला पॅटरसन' असा करतात. समजावून देण्याची त्यांची पद्धत ठरलेली. कुठली तरी जुनी लग्नपत्रिका (स्कॅन झालेली) पालथी घालायची आणि लिहायचं: ७, ४, ९, बेरीज २०. "हे चार आकडे चार डिस्कांवर. आता कुठलाही एक खोडा. बाकीच्या तिघांवरून काढता येतो की नाही?" येतो. पेटी बेरजेऐवजी बिटांचं वेगळं गणित करते, तत्त्व मात्र हेच. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टाकीच्या गळतीचा विषय चालू असताना नानांनी हे खोडून दाखवलं. दोन आकडे खोडले तर काय, असं तिसऱ्या मजल्यावरच्या एका पोराने विचारलं.

"दोन एकदम कशाला जातील?" नाना म्हणाले आणि टाकीच्या विषयाला परवानगी दिली.

बॅकअपचा तीन-दोन-एक नियमही त्यांनीच आम्हाला शिकवला. प्रती तीन हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर हव्यात आणि एक तरी घराबाहेर हवी. नानांनी तो पाळलाही होता, आपल्या पद्धतीने. तीन प्रती होत्या: 'फोटो', 'फोटो बॅकअप' आणि 'फोटो बॅकअप जुना - पुसू नये'. तिन्ही त्याच पेटीत. दुसरं साधन म्हणजे डीव्हीडींची चळत. ती वाचणारा ड्राइव्ह घरात उरलेला नव्हता. घराबाहेरची प्रत पुण्याला लेकीकडे एका एक्स्टर्नल डिस्कवर होती आणि जागा पुरेना म्हणून तिने त्यावर मुलांची कार्टून भरली होती.

पहिली डिस्क गेली ती ऐन मे महिन्यात. दुसऱ्या कप्प्यावरचा हिरवा दिवा नारिंगी झाला आणि पेटी बीप बीप करायला लागली. नातू दुपारचा झोपला होता, म्हणून नानांनी मेन्यूत शिरून आवाज बंद केला. डिस्क दिवाळीच्या सेलमध्ये घेऊ म्हणाले. तीन डिस्कांवर पेटी चालतच होती आणि नानांना तर त्याचाच अभिमान वाटायला लागला. चहाला आलेल्या माणसाला ते झाकण उचलून तो दिवा दाखवायचे: "एक मेलेली आहे यातली. कळतंय का काही?" खरोखरच काही कळत नसे. नाना समाधानाने झाकण खाली सोडत.

दिवाळीत नवी डिस्क आली, बसली, रिबिल्ड सुरू झालं. हे रिबिल्ड म्हणजे उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या बिटापासून शेवटच्या बिटापर्यंत वाचायच्या आणि गणिताने निघेल ते नव्या डिस्कवर लिहायचं. बारा टीबीचं पारायण. वर्षानुवर्षं कुणी फिरकलेलं नाही अशा जागीही तेव्हा जावं लागतं आणि नानांच्या पेटीत बहुतेक जागा अशाच. रात्री कधी तरी तिसऱ्या कप्प्यातली डिस्क अडखळली. सकाळी वहिनी दुधाची पिशवी आत घ्यायला उठल्या तेव्हा दोन दिवे नारिंगी होते आणि नाना लुंगीवर पेटीसमोर बसून स्क्रीनवरची अक्षरं वाचत होते: व्हॉल्यूम क्रॅश्ड.

मला वाटलं, माणूस खचणार. छे! नानांच्या आयुष्यात इतका चांगला आठवडा मी पाहिलेला नाही. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या खात्यात आग लागली होती आणि अख्खी बिल्डिंग धावून आली होती. ढीगभर नातेवाइकांचे फोन. नाना प्रत्येकाला ७, ४, ९ पासून सांगायचे. ज्यांनी आजवर त्या पेटीतला एकही फोटो मागितला नव्हता त्यांना आता आपापलं काय काय आत होतं ते आठवायला लागलं. व्याह्यांना साखरपुड्याचा व्हिडिओ आठवला. सोसायटीच्या सेक्रेटरींना २०११ चं लेखापरीक्षण आठवलं, जे नानांकडे आहे म्हणून त्यांनी कार्यालयातली फाइल रद्दीत घातली होती.

सल्ल्यांना तोटा नव्हता. एक म्हणाले, डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. एक काकू म्हणाल्या, तांदळात ठेवा, आमचा मोबाइल असाच जगला. तळमजल्यावरचे एक गृहस्थ जुन्या टीव्हीच्या अनुभवावरून थापटी मारायच्या बेतात होते. वहिनींनी फ्रीजरमधला मटार हलवून जागाही केली होती. आणि नाना? पेटीच्या स्क्रीनवर 'इनिशिअलाइझ' नावाचं एक बटण आलं होतं. "यातच मेख असेल," म्हणत त्यांचं बोट त्यावर फिरत होतं.

तेवढ्यात भाचा आला. ऐरोलीला कुठल्याशा कंपनीत सर्व्हर सांभाळतो. मामाच्या घरी सर्व्हर या शब्दाला तो आजवर फक्त हसत आला होता.

"मामा, हात काढा."

असं नानांशी कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. त्याने पेटी बंद केली, चप्पल काढली आणि पेन्सिल मागितली. प्रत्येक डिस्कवर चिकटपट्टीचा तुकडा लावून १, २, ३, ४ लिहिलं आणि मगच त्या ओढून काढल्या. मग फ्रीजरकडे वळला. डिस्क मिनिटाला काही हजार फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्या पृष्ठभागापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. तिथे गारठ्याने दव धरलं तर उरलंसुरलंही गेलं, असं त्याने सांगितल्यावर मटार परत आत गेला. क्रोशाचं झाकण त्याने दोन बोटांत धरून मागच्या पंख्यावर ठेवून पाहिलं, मामाकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं आणि घडी करून बाजूला ठेवलं. बोलला काही नाही. हुशार पोरगा. मूळच्या चारही डिस्क एका खोक्यातल्या, एका वयाच्या, एकाच उकाड्यात चाललेल्या. एक गेली की दुसरीचा भरवसा नसतो, एवढंच म्हणाला.

त्याचा पहिला नियम असा, की मूळ डिस्कांवर काही करायचं नाही. नकला काढायच्या आणि प्रयोग नकलांवर. म्हणजे तीन नव्या डिस्क. नाना लॅमिंग्टन रोडला निघाले, तर भाच्याने बजावलं: तिन्ही वेगवेगळ्या दुकानांतून. घाऊक सवलत गेली, हा नानांना त्या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा फटका.

नकलेसाठी त्याने जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम लावला. फुकट मिळतो, हे ऐकून नानांचा त्यावरचा विश्वास आधी कमी झाला. पण त्याची चाल बघण्यासारखी आहे. डिस्क जिथे सरळ वाचता येते तो भाग तो आधी उचलतो, जिथे अडते ती जागा सोडून पुढे जातो आणि चांगलं सगळं हाती लागल्यावर मग मागे येऊन अडलेल्या जागा थोड्या थोड्या कुरतडतो. कुठे काय झालं याची नोंद एका फाइलीत करत राहतो, त्यामुळे वीज गेली तरी काम जिथल्या तिथून पुढे. ही नोंदवही पाहिल्यावर नाना विरघळले. रात्री उठून ते स्क्रीन बघायचे आणि सकाळी मला जिन्यात गाठून न वाचलेल्या जागा किती उरल्या ते शेअरच्या भावासारखे सांगायचे.

पुढचा धक्का नाजूक होता. नकला भाच्याने नानांच्याच जुन्या कॉम्प्युटरला जोडल्या, कारण त्या पेटीत आत साधं लिनक्सच होतं. नानांचा चेहरा पडला. इतकी वर्षं ज्याला सर्व्हर म्हटलं ते आत असं घरगुती निघावं! पण लगेच एक गोष्ट त्यांच्या खात्यातली निघाली. प्रत्येक डिस्कवर एक आकडा असतो. डिस्कांच्या गटात काही घडामोड झाली की तो पुढे सरकतो. पहिली, तिसरी आणि चौथी यांचे आकडे जवळजवळ जुळत होते; दिवाळीत काढून ठेवलेल्या जुन्या दुसरीचा मे महिन्यात थांबलेला.

"म्हणजे ही मे पासून गैरहजर," नाना म्हणाले. "हिला धरू नका. जुनी माहिती सांगेल."

भाच्याने प्रथमच मामाकडे आदराने पाहिलं. दुसरी बाहेर ठेवून तिघींच्या नकला एमडीअ‍ॅडमने जोडल्या, व्हॉल्यूम फक्त वाचण्यापुरता उघडला आणि स्क्रीनवर 'फोटो बॅकअप जुना - पुसू नये' उगवलं. वहिनींनी देवापुढे साखर ठेवली.

जवळजवळ सगळं आलं. न वाचता आलेल्या जागा होत्या थोड्या, पण जागा निवडून पडल्या होत्या. मुंजीच्या व्हिडिओत भिक्षावळीच्या वेळी बरोबर आत्यांच्या तोंडावर हिरवे चौकोन येतात. आत्यांचा अजून असा समज आहे की हे मुद्दाम केलं. आणि एका फोल्डरची नावांची यादीच बिघडली. नकलेवर दुरुस्ती चालवल्यावर त्यातल्या फाइली आल्या, पण 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या खणात, नावाशिवाय, नुसत्या लांबलचक नंबरांनी. फोटो, बिलं, गॅसची पावती, कुणाच्या तरी बारशाचं आमंत्रण, सगळं एका रांगेत बेवारस.

भाच्याला वाटलं, हे टाकून द्यावं. नानांनी वही काढली. आता रोज संध्याकाळी चार ते सहा ते एकेक नंबर उघडतात, ओळख पटवतात आणि नाव देतात. ओळख पटेना की माणसं बोलावतात. बिल्डिंगमधले लोक जातातही, चहा असतो. परवा एका फोटोतल्या गृहस्थांवरून वहिनी आणि पहिल्या मजल्यावरच्या काकू यांच्यात तासभर वाद झाला. शेवटी ते आरास भाड्याने देणारे निघाले. लेखापरीक्षणही सापडलं. ते वाचल्यावर सेक्रेटरींना ते सापडायला नको होतं असं वाटल्याचं ऐकतो.

जाताना भाचा एकच गोष्ट तीनदा बजावून गेला होता: रेड म्हणजे बॅकअप नव्हे, एक प्रत दुसऱ्या घरात ठेवा, लेकीकडे नको. नानांनी ते मनावर घेतलं. काल ते आमच्याकडे आले, हातात मेजरटेप. टीव्हीखालच्या कपाटाचा खण मोजला, पंख्याला मागे चार बोटं जागा सुटते का पाहिलं, आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, हा पॉइंट रिकामाच असतो ना? इस्त्री काय, बेडरूममध्येही होते."