प्लॅटिनम आप्पा

नसरापुरात मान मिळवायचे रस्ते पूर्वीपासून ठरलेले आहेत. जत्रेत पालखीला खांदा द्यावा, सोसायटीच्या निवडणुकीत पडावं आणि पुढच्या वेळी पुन्हा उभं राहावं, नाहीतर आख्ख्या शिवारात भाताची लावणी सगळ्यांच्या आधी उरकून बांधावर तंबाखू मळत बसावं. आप्पांनी यातलं काहीच केलं नाही. ते परगावच्या गाद्यांवर झोपले आणि झोपून झोपून मोठे झाले.

आप्पा शिरवळच्या एका कारखान्यात पॅकिंगची मशिनं बसवून देण्याचं काम करतात. मशीन तयार होतं शिरवळला, पण चालू व्हायचं असतं चेन्नईला, अहमदाबादला, नाहीतर लुधियान्याला. ते सुरळीत चालेपर्यंत आप्पांचा मुक्काम तिथं. मशीन शहाणं निघालं तर दोन रात्री, रुसलं तर पाच. मशीन रुसलं की इतर इंजिनिअरांच्या कपाळावर घाम येतो. आप्पांचा चेहरा मात्र उजळतो, असं त्यांच्या हाताखालचा पोरगा सांगतो. एकदा म्हणे मशीन पहिल्याच दिवशी सुरू झालं, तर आप्पा दिवसभर कुणाशी धड बोलले नाहीत.

कारण आप्पा रात्री मोजतात. इतर लोक झोपतात, आप्पांची ‘नाइट’ होते. दहा नाइटला सिल्व्हर, पंचविसाला गोल्ड, पन्नासाला प्लॅटिनम, पंच्याहत्तरला टायटॅनियम. ही मॅरियटच्या बॉनव्हॉय योजनेतली उतरंड आप्पांना पाढ्यासारखी पाठ आहे. ते प्लॅटिनम झाले त्या वर्षी त्यांनी ही बातमी पेढे वाटून सांगितली. गावाला वाटलं, दागिन्यांचं दुकान काढलंय. खुलासा झाला तेव्हा पेढे खाऊन झाले होते आणि नाव पडून गेलं होतं.

प्लॅटिनम आप्पांचं घर ओळखायला पत्ता लागत नाही. ओट्यावर पांढऱ्या सपाता वाळत असतात, पंचतारांकित हॉटेलात खोलीत पलंगाखाली ठेवतात त्या. वहिनी त्याच घालून गोठ्यात जातात. न्हाणीघराच्या फळीवर अंगठ्याएवढ्या शांपूच्या बाटल्यांची अशी रांग आहे की पाहुण्याला कुठली उघडावी कळत नाही आणि कुठलीही उघडली तरी ती डोक्याला पुरत नाही. आमच्या बनेश्वराच्या देवळात एक मोठी घंटा आहे. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथून आलेली, असं सांगतात. तिच्यावर 1683 हे पोर्तुगीज साल आहे. एका आप्पांनी मोहिमेवरून घंटा आणली, दुसऱ्यांनी साबण आणले. काळाचा महिमा, दुसरं काय.

प्लॅटिनम झाल्यापासून माणूस बदलतो. आप्पांचं मनगटावरचं घड्याळ बदललं नाही, गाडी बदलली नाही, पण अपेक्षा बदलल्या. भाच्याच्या लग्नात मंगल कार्यालयात उतरायला खोली मिळाली, तर आप्पांनी व्यवस्थापकाला शांतपणे विचारलं, ‘अपग्रेड अव्हेलेबल आहे का?’ तो बिचारा म्हणाला, ‘वर गच्ची आहे, पण तिथं आचाऱ्यांचं सामान आहे.’ साडूंकडे वेल्ह्याला (आता तालुक्याला राजगड म्हणायचं, पण साडू अजून वेल्ह्यातच राहतात) मुक्कामाला गेले की सकाळी निघताना ‘लेट चेकआउट’ मागतात. साडू सज्जन आहेत. ते म्हणतात, ‘दाजी, दुपारी तीनला लाइट जाते, त्याच्या आत काय ते उरका.’

पण आप्पांच्या आयुष्यातला खरा पेच वेगळाच होता. हॉटेल की विमान? त्यांच्या क्रेडिट कार्डावर जमणारे पॉइंट दोन्हीकडे वळवता येतात. हॉटेलकडे वळवले तर खोली, विमानाकडे वळवले तर तिकीट. दोन्हीकडे थोडे थोडे टाकले तर कुठंच काही नाही. या प्रश्नानं त्यांना दोन पावसाळे झोप नव्हती. घरी, म्हणजे. हॉटेलात ते व्यवस्थित झोपत होते.

अभ्यास मात्र त्यांनी कसून केला. हे खूळ आधी काढलं विमानवाल्यांनी. अमेरिकन एअरलाइन्सनं 1 मे 1981 ला मैल मोजायला सुरुवात केली आणि हॉटेलवाले दोन वर्षांत मागोमाग आले. मैल जमवणाऱ्यांच्या पंथाचे संत म्हणजे डेव्हिड फिलिप्स, कॅलिफोर्नियातले एक इंजिनिअर. 1999 मध्ये एका खाद्यकंपनीनं आपल्या मालाच्या लेबलांवर मैल जाहीर केले. सगळ्यात स्वस्त माल होता पुडिंगचे डबे. या गृहस्थांनी 12,150 डबे उचलले आणि सगळी लेबलं सोलणं एकट्याच्यानं होईना, तेव्हा ते पुडिंग धर्मादाय संस्थेला देऊन तिथल्या लोकांकडून लेबलं काढून घेतली. तीन-सव्वातीन हजार डॉलर खर्चून 12 लाखांवर मैल मिळवले, वर दानाचं पुण्य. ही कथा आप्पा सांगतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. वहिनींच्याही येतं, कारण ऐकून आप्पांनी एका महिन्यात घरात बिस्किटांची किती खोकी आणली ते त्यांनाच ठाऊक.

तर आप्पांचा पहिला ओढा विमानाकडे होता. मैल शब्दात एक भव्यता आहे. खोलीचे पॉइंट म्हटले की दाढीच्या सामानासारखं वाटतं, मैल म्हटले की समुद्र ओलांडल्यासारखं. पण विमानाच्या बाजूनं आप्पांनी जो इतिहास वाचला तो काही उत्साह वाढवणारा नव्हता. किंगफिशर ऑक्टोबर 2012 मध्ये जमिनीवर आली ती आलीच. जेट एअरवेजचं शेवटचं विमान 17 एप्रिल 2019 ला उडालं. विस्तारा चांगली चालली होती, ती नोव्हेंबर 2024 मध्ये एअर इंडियात गेली. तिचे पॉइंट बुडाले नाहीत, इकडून तिकडे गेले, पण सभासदांच्या पोटात गोळा यायचा तो आलाच. आणि मैल म्हणावेत तर ते मैलही उरले नाहीत. एअर इंडियानं 2024 पासून अंतराऐवजी मोजलेल्या पैशांवर पॉइंट द्यायला सुरुवात केली. म्हणजे स्वस्त तिकिटावर लांब जाणारा मागे पडला आणि महाग तिकिटावर जवळ जाणारा पुढे गेला. आप्पांची कंपनी कायम पहिल्या, म्हणजे स्वस्त जातीचं तिकीट काढते.

‘हॉटेल निदान जागेवर उभं असतं,’ आप्पा म्हणाले.

हे ते म्हणाले भाताच्या गिरणीत. आमच्याकडचे सगळे गंभीर निर्णय तिथंच होतात, कारण नंबर लागेपर्यंत दुसरं काम नसतं. आप्पांनी तिथं मधला मार्गही मांडला. हॉटेलचे पॉइंट जमवायचे आणि हवे तेव्हा त्यांचे मैल करून घ्यायचे. मॅरियटचे 3 पॉइंट दिले की बहुतेक विमान कंपन्यांचा 1 मैल मिळतो. एकदम 60 हजार दिले तर 20 हजार मैल आणि वर 5 हजार बक्षीस, मिळून 25 हजार. गिरणीवाल्यांनी पट्टा बंद करून हिशेब ऐकला. म्हणाले, ‘आप्पा, इंद्रायणीची साळ माझ्याकडं दिली तर पोत्याला निम्म्याच्या वर तांदूळ निघतो. तुमच्या गिरणीत तिनाला एक? मग कोंडा कोण खातं?’

आप्पांकडे उत्तर नव्हतं. उत्तर मलाही नाही. खरं तर गिरणीवाल्यांनी तिथल्या तिथं निकाल दिला होता. ज्याच्या रात्री जास्त आणि उड्डाणं आखूड, त्यानं हॉटेल धरावं आणि हॉटेलचे पॉइंट हॉटेलातच मोडावेत. पुणे-चेन्नईचं तिकीट पैसे टाकून घेता येतं, आणि मैलांवर घेतलं तरी कर भरावाच लागतो. खोली महाग असते, तिथं पॉइंटला भाव येतो. पाच रात्री पॉइंटवर घेतल्या तर चारांचेच पॉइंट लागतात, हेही आहे. मैल जमवावेत ज्यांची मुलं न्यूजर्सीत आहेत आणि ज्यांना एकदा तरी पाय पसरून अटलांटिक ओलांडायचाय, त्यांनी.

पण आप्पांनी हॉटेल निवडलं ते या हिशेबानं नाही. त्यांनी कारण मला एकट्याला सांगितलं. विमानात गोल्ड असलं तर आधी चढू देतात. ‘पण उतरताना सगळे बरोबरच की. भोरच्या गाडीत आधी चढला म्हणून कुणाला भोर आधी येतं का?’ हॉटेलात तसं नाही. तिथं मॅनेजर काउंटरच्या बाहेर येतो. हात जोडतो. ‘वेलकम बॅक, सर’ म्हणतो. खोलीत हातानं लिहिलेली चिठ्ठी असते आणि बशीत चार चॉकलेटं. आप्पांनी तसल्या चिठ्ठ्या जपून ठेवल्यात, रेशनकार्डाच्या पिशवीत. कारखान्यात त्यांना सगळे ‘ए आप्पा’ म्हणतात, साहेब ‘अहो’ म्हणतात तेही मशीन बंद पडल्यावरच. जिथं कुणी ओळखत नाही त्या गावात नाव घेऊन स्वागत होतं, याची किंमत पॉइंटात कशी धरायची?

आता डिसेंबरची गोष्ट. सभासदाच्या रात्री 31 डिसेंबरपर्यंत मोजतात, नव्या वर्षात पाटी कोरी. त्या वर्षी लुधियान्याचं मशीन दगा देऊन वेळेवर सुरू झालं आणि आप्पा पन्नासाला दोन रात्री कमी पडले. दोन रात्रींसाठी प्लॅटिनमचं गोल्ड! आप्पांनी तोड काढली. पुण्यात एक खोली स्वतःच्या खिशातून बुक केली आणि संध्याकाळी बॅग उचलून निघाले. या प्रकाराला त्यांच्या पंथात ‘मॅट्रेस रन’ म्हणतात. आमच्या गावात त्याला नाव नव्हतं, म्हणून गावानं आपापलं दिलं.

आधी किराणावाल्यानं पाहिलं. नंतर दूध डेअरीवर चर्चा झाली. आप्पा बॅग घेऊन गेले, ऑफिसची गाडी नव्हती, चेहरा पडलेला होता. पुण्यात कुणीतरी आहे, इथपासून ते वहिनींनी हाकललं, इथपर्यंत सगळं रात्री नऊच्या आत ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वेल्ह्याहून सासरे आले. सोबत साडू. वहिनींनी चहा टाकला आणि सांगितलं, ‘ते पुण्याला झोपायला गेलेत.’ सासऱ्यांनी कप खाली ठेवला. ‘झोपायला? इथं काय खाट मोडली?’

आप्पा तिसऱ्या दिवशी प्लॅटिनम राखून परतले, तर पडवीत पंचायत बसलेली. त्यांनी मोबाइल काढून नाइट दाखवल्या, पन्नास म्हणजे पन्नास. सासऱ्यांनी चष्मा लावून पाहिल्या. कुणाला काही बोलता येईना. तेव्हा वहिनी आतून म्हणाल्या, ‘बाबा, यंदा ते घरात किती रात्री होते ते पण मोजा. माझ्या हिशेबानं अजून सिल्व्हरसुद्धा झालेले नाहीत.’

त्यानंतर आप्पांनी पॉइंट खर्च करायचं कबूल केलं. हे सोपं नव्हतं. पॉइंट जमवणारा माणूस ते खर्च करत नाही, भाव वाढायची वाट बघतो. आणि इथं भाव वाढतो तो खोलीचा. कुठल्या हॉटेलला किती पॉइंट याचा ठरलेला तक्ता मॅरियटनं 2022 मध्ये मोडीत काढला, तेव्हापासून गर्दी बघून भाव ठरतो. शिवाय 24 महिने खात्यात काहीच हालचाल नसेल तर पॉइंट जातात. म्हणजे तांदूळ पेवात ठेवावा तर उंदीर खातो आणि बाहेर ठेवावा तर पावसात भिजतो. तरीही आप्पा ‘आत्ता नको, मे महिन्यात बघू’ म्हणत राहिले आणि मे महिन्यात गोव्यात पॉइंटवर खोली मिळण्याची शक्यता किती असते ते विचारूच नका. शेवटी भर पावसाळ्यात पाच रात्रींचं गोवं झालं. समुद्रावर लाल बावटा, बाहेर पाऊस, आत न्याहारी फुकट. प्लॅटिनमला न्याहारी असते. आप्पांनी तीनदा वाढून घेतलं. वहिनी म्हणतात, पोहे घरच्यासारखे नव्हते.

आप्पांच्या आईंना मात्र न्यायचं जमलं नाही. त्या म्हणाल्या, मला वेळ नाही. वय पंच्याहत्तरच्या पुढे. ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास राज्यात कुठंही मोफत आहे. तेव्हापासून म्हातारी घरात सापडत नाही. आधार कार्ड कनवटीला लावलं की निघाली. पंढरपूर, तुळजापूर, आळंदी, मधेच नणंदेकडे फलटणला. वहिनी सोबत गेल्या तर मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. म्हणजे दोघींत मिळून अर्धंच. आप्पांनी एकदा आईला विचारलं, ‘गर्दीच्या दिवसांत ही सवलत बंद असते का?’ त्या म्हणाल्या, ‘आषाढीला गेले होते की.’ आप्पांनी बराच वेळ हिशेब केला. पॉइंट नाहीत, मैल नाहीत, वर्षाअखेर नाही, दर्जा एकदा मिळाला की जन्मभर टिकतो. त्यांनी मला खासगीत सांगितलं, की एवढी चांगली योजना त्यांनी आजवर पाहिलेली नाही, फक्त सभासद व्हायला फार वर्षं लागतात.

तुम्ही कधी राजगड किंवा तोरण्याला जायला म्हणून चेलाडी फाट्यावर उतरलात आणि पांढऱ्या सपाता घातलेला कुणी गृहस्थ टपरीवर चहा घेताना दिसला, तर रस्ता खुशाल विचारा, चांगला सांगेल. हॉटेल बरं की विमान बरं, एवढं मात्र विचारू नका. वेल्ह्याची गाडी चुकेल.