नाताळचा अर्ज
१९५३च्या नागपूर कराराच्या कृपेने डिसेंबरात आमच्या नगरीत विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते आणि अर्जदारांचे तांडे लोटतात, त्याच सुमारास सदर भागात नाताळचे तारे झळकू लागतात. तेव्हा सांताक्लॉजकडे सायकल मागणारे बालक अधिक सश्रद्ध की मंत्र्याकडे बदली मागणारा प्रौढ, असा प्रश्न पडतो. बालकाचा अर्ज निदान बिनशिफारशीचा असतो! प्रौढ मात्र देवाकडे मनःशांतीची दरखास्त गुदरताना खाली बढती, बंगला व शेजाऱ्याची फजिती अशी पुरवणी यादी जोडतो. याउलट, एकेकाळी नागपुरात राहिलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी केवळ ख्रिस्तच मागितला. १८९५त बाप्तिस्मा होताच आप्त, ज्ञाती आणि काही वर्षे पत्नीही दुरावली. एवढी किंमत आम्हांस परवडणारी नाही; सबब, मनःशांतीचा आमचा अर्ज तूर्त दप्तरदाखल करून पुरवणी यादीवर सत्वर हुकूम व्हावा, ही विनंती.