एकोणतीस इंची नास्तिक

देव आहे की नाही, हा प्रश्न पुण्यात दर रविवारी सकाळी नऊच्या सुमारास निकालात निघतो. कुठे? वेताळ टेकडी उतरून आलेले माउंटन बाइकवाले ज्या टपरीवर टेकतात, तिथे. पहिल्या चहाला देव नसतो. दुसऱ्याला असू शकतो. तिसरा येतो तेव्हा पैसे कोण देणार, हा प्रश्न देवापेक्षा मोठा झालेला असतो.

जागा बघा. शहरातली सगळ्यात उंच टेकडी, आणि नाव वेताळाचं. वर शेंदूर फासलेला वेताळबाबा. त्याच्या अंगणातून उतार सुरू करायचा आणि खाली येऊन सांगायचं, भुताखेतांवर आमचा विश्वास नाही.

वेताळाचाही सायकलवाल्यांवर असेल असं वाटत नाही.

ठिणगी दरवर्षी दसऱ्याला पडते. अवजारांची पूजा होते, वाहनांची होते, मग दोन लाखांच्या सायकलीने काय घोडं मारलंय? कोणीतरी कार्बनच्या फ्रेमला झेंडूची माळ घालतो, हँडलला हळदकुंकू लावतो, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवतो. गटातले इंजिनिअर कपाळाला हात लावतात. "अरे, त्या लिंबाने ब्रेक लागणार आहेत का?" पलीकडून उत्तर तयार असतं: "सर, तुमचं काय जातं?"

'तुमचं काय जातं' हा महाराष्ट्रातला सर्वांत जुना युक्तिवाद. संतांना खोडता आला नाही, सुधारकांना आला नाही, इंजिनिअरला रविवारी सकाळी कुठून येणार?

मग ते शेवटचं शस्त्र काढतात. पुरावा दाखवा.

बरोबर आहे. पुरावा मागायलाच हवा. फक्त तो मागायची सवय सायकलच्या दुकानात शिरताना चपलेसारखी बाहेर काढून ठेवू नये.

माउंटन बाइकचं चाक मुळात २६ इंची का होतं, माहीत आहे? कोणत्या प्रयोगशाळेने ठरवलं? कोणीही नाही. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीतली पोरं जुन्यापुराण्या श्विन सायकली घेऊन माउंट टॅमलपाइसच्या परिसरातल्या उतारांवरून सुसाट खाली यायची. त्या जुन्या सायकलींची चाकं २६ इंची होती. एवढंच शास्त्र. पुढे कित्येक वर्षं २६ हाच धर्म होता.

मग २९ चा अवतार झाला. मग दोघांमध्ये तडजोड म्हणून साडेसत्तावीस. दर वेळी आधीचं चाक बाद, आधीचे टायर बाद, आधीची सायकल अर्ध्या किमतीला. पुरावा मागणारे सगळे रांगेत उभे.

मोठं चाक दगडावरून सहज जातं, हे खरंच आहे. भूमितीच तशी आहे. पण ज्या २९ इंची चाकापुढे ही मंडळी डोळे मिटतात, त्याच्या रिमवर टायर बसतो तो व्यास ६२२ मिलिमीटर. रस्त्यावरच्या रेसिंग सायकलीच्या ७०० सी चाकाचाही नेमका तोच. आणि दूधवाल्याच्या काळ्या, २८ इंची म्हणवणाऱ्या सायकलीचा? ६३५.

रिमने मोक्ष मिळत असता तर दूधवाला केव्हाच पोचला असता.

इंजिनिअर लगेच म्हणतील, टायरची जाडी धरा. धरली. जाड टायर चढवला की २९ पुढे जातं, मान्य. पण दुकानात पैसे मोजताना मोजपट्टी कोणी मागितली होती?

ही श्रद्धा फक्त चाकापुरती असती तर चाललं असतं. लडाखला जाऊन आलेला कोणताही सायकलवाला पकडा. त्याच्या भिंतीवर खारदुंग ला खिंडीचा फोटो असणारच. वर्षानुवर्षं तिथल्या पाटीवर उंची लिहिलेली होती १८,३८० फूट आणि खाली जगातला सर्वांत उंच वाहतुकीचा रस्ता असल्याचा दावा. उपग्रहाच्या मोजणीत खिंड भरते सुमारे ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या जरा वर. हँडलवर बसवलेलं जीपीएस यंत्र खरा आकडा दाखवत असतं. फोटो मात्र पाटीचा.

शेजारी पाचरंगी प्रार्थना-पताका फडफडत असतात. त्यांना मंडळी अंधश्रद्धा म्हणतात. पाटीला माहिती म्हणतात.

आता भाविकांकडे वळू. खूश होऊन बसू नका.

इटलीत कोमो सरोवराच्या वरच्या डोंगरात मॅडोना देल गिसालोचं छोटं देऊळ आहे. १९४९ साली पोप बारावे पायस यांनी या मातेला सायकलपटूंची रक्षणकर्ती जाहीर केलं. आत नामवंतांच्या सायकली, जर्सी. त्यातच फाबिओ कासार्तेल्लीची मोडलेली सायकल. १९९५ च्या टूर द फ्रान्समध्ये घाट उतरताना तो पडला आणि गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचं झालं २००३ मध्ये, तेही त्याच वर्षी आणखी एकाचा जीव गेल्यावर.

रक्षणकर्ती आधी आली. हेल्मेट ५४ वर्षांनी.

आणि सक्ती तरी कशी? सुरुवातीला सवलत होती: शेवटचा चढ पाच किलोमीटरहून मोठा असेल तर पायथ्याशी हेल्मेट काढून टाका. ही सवलत देवाने दिली नव्हती. समितीने दिली होती.

आपल्याकडचा भाविक याहून पुढे. गळ्यात ताईत, मनगटावर लाल दोरा, हेल्मेट हँडलला अडकवलेलं. विचारलं तर म्हणतो, उतार सुरू झाला की घालतो. उतार कुठे सुरू होतो, ते मात्र त्याचं दैवत ठरवतं. आणि विवेकवादी? हेल्मेट घालतो, पण दोनदा आपटून आतला थर्माकोलसारखा फेस चेपलेलं तेच. एक जोरदार आपटी खाल्ली की हेल्मेट बदलायचं असतं, हे डब्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं. "अजून चांगलंय हो." हे वाक्य कोणत्या विज्ञानात बसतं?

मग एखाद्या रविवारी कोणीतरी पडतोच. एक गट म्हणतो, देवाने वाचवलं. दुसरा म्हणतो, हेल्मेटने. वाचवलेलं असतं करवंदीच्या जाळीने. तिचे आभार मानायला कोणी जात नाही, काटे काढायला जातात.

खुद्द उतारावर कोण कशावर विश्वास ठेवतो, हा वेगळाच विनोद. ब्रेक मारला की वजन पुढे येतं, म्हणून थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. आठवीच्या मुलालाही समजावून सांगता येईल. पण तीव्र उतारावर इंजिनिअरचं सूत्र डोक्यात असतं आणि बोट मागच्या ब्रेकवर. शिकवणारा ओरडत असतो, "दगडाकडे बघू नका, वाटेकडे बघा!" ते दगडाकडेच बघतात. सायकल दगडावरच जाते. जिकडे नजर, तिकडे चाक.

भाविक त्याच दगडाकडे बघत रामरक्षा म्हणतो. सायकल तरीही दगडावरच जाते.

मरिनच्या पोरांचं बरं होतं. त्यांची 'रिपॅक' नावाची शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिल्यांदा झाली. उतार असा की मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस तापून धूर होऊन जायचं. खाली पोचलं की हब उघडायचा, पुन्हा ग्रीस भरायचं. शर्यतीला नाव पडलं ते त्यावरूनच. त्यांच्यातल्या कोणी देवाला हाक मारली की नाही, याची नोंद नाही. ग्रीस सगळ्यांनी भरलं.

आता जरा गंभीर. घाबरू नका, फार वेळ नाही.

सह्याद्रीत सायकलला चांगली वाट म्हणजे काय? सावली, पालापाचोळा, मऊ माती, झाडांमधून वळणं. असं रान आता उरलंय कुठे? बऱ्याचदा देवराईत. भोवतीचा डोंगर बोडका आणि मधे हिरवा ठिपका. माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांनी १९७० च्या दशकात अशा राया हिंडून त्यांवर लिहिलं, तेव्हा शिकलेल्या जगाला कळलं की इथे काहीतरी मोलाचं आहे. गावाला आधीच माहीत होतं. काडी तोडली तर देवी कोपेल. ना अहवाल, ना जनसुनावणी, ना आराखडा.

विवेकवाद्याची इथे पंचाईत होते. भीती खोटी, जंगल खरं. मग तो सोयीचा मार्ग काढतो. भीती टाकून देतो आणि जंगलात सायकल घालतो. ऐन पावसाळ्यात, कारण तेव्हा फोटो हिरवे येतात. ओल्या मातीत चाकाचा चर पडतो, पुढच्या सरीत चराचा ओहोळ होतो, मुळं उघडी पडतात. देवी कोपत नाही. माती वाहून जाते.

पुरावा हवा होता ना?

भाविकांनी टाळ्या वाजवू नयेत. ज्या देवीला पिढ्यान्‌पिढ्या छप्पर नव्हतं, झाडाखालचा तांदळा हीच मूर्ती होती, तिचा आता जीर्णोद्धार होतो. शहरात स्थिरावलेले गावकरी वर्गणी काढतात. सिमेंटचा मंडप, चकचकीत फरशी, मंडपाला कमान, आणि गाडी थेट दारात यावी म्हणून रस्ता. रस्त्यात झाडं येतात. झाडं देवीची. मग कौल लावतात. देवी हो म्हणते.

ठेकेदाराला देवी नाही म्हणाल्याचं ऐकिवात नाही.

राईतून सायकल हातात धरून चालत जायचं, एवढा साधा ठराव टपरीवर व्हायला काय हरकत होती? कारण ज्याने त्याने आपलं घ्यावं. कोणी देवीसाठी उतरेल, कोणी मातीसाठी. एका शहाण्याने सुचवलंही. दोन्ही बाजूंनी एकदमच मान हलवली. नाही जमणार. चालत गेलं तर स्ट्राव्हावरची, म्हणजे राइड नोंदवणाऱ्या फोनमधल्या अ‍ॅपवरची, वेळ बिघडते.

सापडला! दोघांचा देव एकच निघाला.

हा देव कडक आहे. एकादशी मोडली तर क्षमा आहे, पण फोनची बॅटरी संपून नोंद झाली नाही तर ती राइड झालीच नाही. घाम आला, गुडघा फुटला, तरी नाही. इंजिनिअरांना विचारून बघा: न नोंदलेली राइड अस्तित्वात असते का? एरवी अस्तित्वाच्या प्रश्नावर तासभर बोलणारा माणूस एका शब्दात उत्तर देतो.

एवढ्या वादांनंतर गट कधी फुटला का? देवावरून, छे. दसऱ्याच्या पेढ्याला नास्तिकाचा हात सगळ्यात आधी पुढे येतो. टेकडी फोडून बालभारती ते पौड फाटा रस्ता काढायची टूम निघाली, तेव्हा विरोधाला दोन्ही बाजूंची माणसं रस्त्यावर होती. वेताळासाठी की मोरांसाठी, हे कोणी विचारलं नाही.

गट फुटला तो मोटरवरून.

एक काका गुडघे दुखतात म्हणून बॅटरीवर चालणारी माउंटन बाइक घेऊन आले. चढावर सगळ्यांच्या पुढे, वर पोचून शिट्टी वाजवत उभे. आस्तिक म्हणाले, कष्टाशिवाय फळ नाही. नास्तिक म्हणाले, ही शुद्ध फसवणूक आहे. टपरीच्या इतिहासात पहिल्यांदाच एकमत झालं. यूसीआय ही सायकलिंगची जागतिक संघटना २०१९ पासून ई-माउंटन बाइकची जगज्जेतेपद स्पर्धा भरवते, असं काकांनी सांगून पाहिलं. पुरावा दाखवा म्हणणाऱ्यांनी पुरावा बघितला नाही.

पुढच्या शनिवारी रात्री काकांना राइडचा निरोप आला नाही. त्याच्या पुढच्याही. माणसाला वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ चा खास कायदा केलेला आहे. जात आणि धर्माच्या पंचायती डोळ्यांपुढे ठेवून केला. सायकलवाल्यांची पंचायत कोणाच्या डोक्यात आली नसावी.

काका काही पोलिसांत गेले नाहीत. त्यांनी शनिवारचा वेगळा गट काढलाय. तिघे आलेत, गुडघे त्यांचेही दुखतात. एक भाविक, दुसरा कशातच नाही, तिसरे आपले इंजिनिअर.

ते दोन्ही दिवस येतात. रविवारी मोटरविरुद्ध बोलतात.