पात्यावरचा पत्ता

माझे मामा घडीचा चाकू स्थळ बघावं तसा बघतात. मुलगा काय करतो, धार किती टिकते, हे सगळं नंतर. आधी घराणं कुठलं ते सांगा. शेफील्ड म्हणजे कुलीन, सध्या परिस्थिती बेताची. सोलिंगन म्हणजे डोळे मिटून होकार. स्वित्झर्लंड सभ्य, निर्व्यसनी, अपेक्षा मात्र जास्त. जपान हुशार, आजोबांच्या काळी त्या घराबद्दल फारसं बरं बोललं जात नसे, पण आता ते उकरून काढू नये. अमेरिका पैसेवाली आहे, एवढंच. आणि चीनचं स्थळ पत्रिका न उघडताच परत.

मामा महसूल खात्यातून निवृत्त झाले. खरा पण बिनशिक्क्याचा कागद आणि खोटा पण शिक्क्याचा कागद, यांतला कुठला धरायचा हा प्रश्न त्यांना सबंध नोकरीत पडला नाही. चाकूलाही तोच नियम.

त्यांच्याकडे आजोबांचा रॉजर्सचा चाकू आहे. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा, पात्यावर तारा आणि माल्टाचा क्रूस. मुठीला दोन्हीकडे शिंगाच्या पट्ट्या, त्यांतली एक मधोमध चिरलेली. नख अडकवायची खाच गुळगुळीत झालेली, त्यामुळे तो उघडायला मामांचंच नख लागतं. सहाणेवर घासून घासून पातं मूळच्या निम्म्यावर आलंय. ते जुनं साधं पोलाद असल्यामुळे पेरू कापला की काळं पडतं आणि पेरूच्या फोडीला लोखंडाची चव लागते. आम्ही लहानपणी तोंड वाकडं करायचो, तेव्हा मामा म्हणायचे, "खा रे, ही शेफील्डची चव आहे."

मामांना हसायला सोपं आहे, पण दुकानात गेल्यावर आपण तरी वेगळं काय करतो? पातं अर्धवट उघडायचं, ट्यूबलाइटखाली तिरकं धरायचं, वयाप्रमाणे चष्मा नाकावर ओढायचा नाहीतर कपाळावर ढकलायचा, आणि पातं मुठीत शिरतं तिथे बारीक अक्षरांत काय कोरलंय ते वाचायचं. 'जर्मनी' निघालं की मान डोलते. 'जपान' निघालं की बरोबरच्याला दाखवलं जातं. 'चायना' निघालं की चाकू मिटून काचेवर परत, आणि हात नकळत पँटला पुसला जातो. एवढ्या वेळात धारेला कुणी बोटसुद्धा लावलेलं नसतं.

गंमत अशी, की ज्या शिक्क्यावर आपण एवढा भरवसा टाकतो तो मुळात बदनामीसाठी काढलेला. एकोणिसाव्या शतकात सोलिंगनचे काही कारखानदार हलक्या ओतीव लोखंडाची पाती करत आणि त्यांवर बिनदिक्कत शेफील्डचं नाव ठोकून विकत. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जर्मनीतर्फे गेलेले परीक्षक फ्रांझ रूलो यांनी आपल्याच देशाच्या मालाबद्दल घरी लिहून कळवलं, की आपला माल स्वस्त आहे आणि वाईट आहे. सरकारी खर्चाने परदेशी जाऊन असं खरं लिहिणारा माणूस मी दुसरा ऐकला नाही. शेवटी शेफील्डवाल्यांच्या आरडाओरड्याने १८८७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला: परदेशी मालावर इंग्रजी नाव किंवा खूण असेल, तर तो कुठे बनला तेही त्यावर लिहिलं पाहिजे. हेतू साधा होता. गिऱ्हाइकाने 'मेड इन जर्मनी' वाचावं, नाक मुरडावं आणि चाकू काचेवर परत ठेवावा.

गिऱ्हाईक वाचायला लागलं हे खरं. पण दरम्यान जर्मनांनी माल सुधारायला घेतला होता. १८९६ मध्ये लंडनमध्ये 'मेड इन जर्मनी' याच नावाचं पुस्तक निघालं, आणि त्यातली तक्रार अशी, की जिकडे बघावं तिकडे जर्मन मालच दिसतोय. इंग्रजांनी स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या पार्लमेंटात ठराव करून दुसऱ्याची जाहिरात केली. पुढे १९३८ मध्ये सोलिंगन हे नावच कायद्याने राखीव झालं. महत्त्वाचं काम त्या परिसरात झाल्याशिवाय ते पात्यावर घालायला बंदी. ज्यांनी एकेकाळी शेजाऱ्याचं नाव उसनं घेतलं, त्यांनी आपल्या नावाला मात्र कुंपण घातलं.

मी ही सगळी कथा मामांना मोठ्या उमेदीने सांगितली. शिक्का म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे, हे त्यांना पटेल असं वाटलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे कायदा इंग्रजांनी केला आणि माल जर्मनांनी सुधारला," ते म्हणाले. "दोघंही चांगलेच की रे. मग यात तू मध्येच चीनचं काय काढतोस?"

फ्रान्समधल्या लागिओल गावाची गोष्ट मात्र त्यांना लगेच समजली. त्या गावाचा घडीचा चाकू प्रसिद्ध. सडपातळ बांधा, पाठीच्या कमानीवर एक धातूची मधमाशी. पण गावाने नाव राखून ठेवलं नाही आणि १९९३ मध्ये बाहेरच्या एका व्यापाऱ्याने ते स्वतःच्या नावे नोंदवून टाकलं. मधमाशी तर पाकिस्तानपासून चीनपर्यंत कुठेही बसायला लागली. २०१२ मध्ये गावकऱ्यांनी निषेध म्हणून वेशीवरची गावाच्या नावाची पाटीच काढली. मामा हळहळले. "सातबारा वेळेवर करून घ्यायला हवा होता," म्हणाले.

स्विस चाकूची कथा मी जरा भीतभीतच काढली, कारण मेहुण्याने दिलेला लाल स्विस चाकू मामांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असतो. त्यातला कॉर्कस्क्रू सोडून सगळ्याचा ते वापर करतात, आणि कॉर्कस्क्रूचा उपयोग सुतळीची गाठ सोडवायला करतात. तर या स्विस सैनिकी चाकूची पहिली खेप स्वित्झर्लंडमध्ये बनलीच नव्हती. तेवढे चाकू करून देणारा कारखाना देशात नव्हता, म्हणून ते सोलिंगनहून आले. इबाख गावच्या कार्ल एल्सनर यांना हे लागलं. १८९१ मध्ये त्यांनी आपल्या सैन्याला आपल्याच देशातला चाकू पुरवायला सुरुवात केली आणि त्यातून पुढे व्हिक्टोरिनॉक्स उभी राहिली.

मामांचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. तो उजळला. "म्हणजे तो स्विसही आणि जर्मनही! तसला आता कुठे मिळतो का बघ."

मग मी त्यांना स्विस कायदा सांगितला. २०१७ पासून कारखान्यातल्या मालावर 'स्विस' लिहायचं तर उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये पडलेला असला पाहिजे. यावरही ते खूश. "साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास झाला," ते म्हणाले. "आमच्या वेळी एवढ्यावर पेढे वाटायचे."

माझा पुतण्या मेकॅनिकल इंजिनिअरिंगला आहे आणि त्याचा देशांवर विश्वास नाही. त्याचा विश्वास आकड्यांवर आहे. तो चाकू हातात घेतला की पोलादाची जात विचारतो, मग रॉकवेल कडकपणा विचारतो, आणि मग किंमत ऐकून गप्प बसतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे व्हिक्टोरिनॉक्सचं पातं ५६ रॉकवेलच्या आसपास असतं आणि त्याने घेतलेल्या चिनी चाकूचं डी-२ पोलाद साठाच्या घरातलं. म्हणजे मामांचा स्विस चाकू चिनीपेक्षा मऊ. हे त्याने मामाआजोबांना अदबीनेच सांगितलं.

"मऊ नाही, समजूतदार आहे तो," मामा म्हणाले. "दोन हात सहाणेवर मारले की ऐकतो."

वाईट म्हणजे हेही खरं आहे. मऊ पातं लवकर बोथट होतं, पण घरच्या घरी चटकन धार धरतं. कडक पातं बरेच दिवस कापतं आणि एकदा रुसलं की साध्या सहाणेला दाद देत नाही. पुतण्या काही बोलला नाही. त्याच्याकडे याचा आकडा नव्हता.

मुद्द्याची गोष्ट त्यानेच सांगितली. पोलाद सारखं असलं तरी त्याला पाणी कसं दिलंय यावर सगळं ठरतं. किती तापवलं, कशात विझवलं, परत किती शेकलं. गावाकडचा लोहार ट्रकच्या मोडक्या पाट्याचा कोयता करतो तेव्हा हेच करतो. आता दुकानात पातं डावी-उजवीकडे हलतंय का ते बघता येतं. खटका नीट बसतो का ते कानाला कळतं. मिटल्यावर पातं मुठीच्या मधोमध राहतं की एका बाजूला टेकतं तेही दिसतं. पाणी दिसत नाही. ते चांगलं की वाईट हे दोन पावसाळे गेल्यावर, धार पुन्हा पुन्हा का जाते याचा विचार करताना कळतं, आणि तोवर पावती हरवलेली असते. जे दिसत नाही त्याच्यासाठी माणूस शेवटी कुठल्यातरी शब्दावर विसंबणार, आणि पात्यावर शब्द तेवढा एकच असतो. मामा चुकतात ते देश वाचतात म्हणून नव्हे. ते एकदा वाचलेलं पन्नास वर्षं बदलत नाहीत, ही खरी भानगड आहे.

पुतण्याने तो चिनी चाकू त्यांच्या हातात दिला. क्वांगतुंग प्रांतात यांगच्यांग म्हणून शहर आहे, तिथे चाकूच चाकू बनतात. नावाजलेल्या अमेरिकी कंपन्याही चीनमधून चाकू करून घेतात. याच्या बिजागरीत छर्रे होते. बोटाने जरा टिचकी दिली की पातं टक्कन बाहेर आणि जागेवर घट्ट. मामांनी टिचकी दिली. टक्. त्यांना आवडलं, हे लपलं नाही.

"उघडतो चांगला," ते म्हणाले. "चिनी माल पहिल्यांदा उघडतो नेहमीच चांगला."

पुन्हा टिचकी, पुन्हा टक्. मामी आतून, "काय फोडताय?" म्हणून विचारून गेल्या. मामा टिचक्या मारत राहिले आणि चाकू प्रत्येक वेळी तितक्याच आज्ञाधारकपणे उघडत राहिला. शेवटी त्यांनी तो परत दिला. "हा नमुन्याचा पीस असणार. दाखवायला वेगळा ठेवतात."

तेव्हा पुतण्याने वैज्ञानिक पद्धत काढली. तिन्ही चाकूंच्या शिक्क्यांवर आणि मुठींवर चिकटपट्टी, एकाच जातीचे पेरू, मामाआजोबांनी डोळे मिटून चव आणि काप बघून निकाल द्यायचा. मामांनी साफ नकार दिला. बेवारस चाकूने कापलेलं फळ ते खाणार नव्हते. रॉजर्सचं पातं तर चवीवरून झाकलेलंही ओळखू आलं असतं, पण तत्त्वाचा प्रश्न होता.

त्यांचा हा कडवेपणा अनुभवातून आलाय, हे मात्र मान्य केलं पाहिजे. त्यांच्या तरुणपणी परदेशी माल मिळत नव्हता. परदेशी शिक्का भरपूर मिळायचा. बोरीबंदरच्या फुटपाथवर त्यांनी जपानी म्हणून घेतलेल्या चाकूवर घरी येऊन वाचलं तर 'मेड अ‍ॅज जपान' निघालं. अक्षर न् अक्षर खरं, त्यामुळे भांडायला जागा नाही. 'यू.एस.ए.' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तर कल्याण लोकलमध्ये सगळ्यांना पाठ. जपानने अमेरिकेला फसवायला 'उसा' नावाचं गावच वसवलं, अशीही एक कथा फिरते. ती खोटी आहे. उसा फार प्राचीन गाव आहे, तिथलं देवस्थान शतकानुशतकांचं. पण मामांना ती खोटी आहे असं सांगितलं तेव्हा ते जरा खट्टू झाले. उल्हासनगरला जोडीदार मिळत होता.

आपला स्वतःचा जगप्रसिद्ध घडीचा चाकू म्हणजे रामपुरी. त्याची गोष्ट सगळ्यांपेक्षा निराळी. हिंदी सिनेमातल्या खलनायकांनी खटका दाबून दाबून त्याची अशी जाहिरात केली, की त्याचं पोलाद कसलं, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. बाकीच्या देशांत चाकूवर विश्वास ठेवावा का, याचा विचार गिऱ्हाईक करतं. रामपुरीच्या बाबतीत गिऱ्हाइकावर विश्वास ठेवावा का, याचा विचार पोलीस करतात. २०२३ मध्ये रामपूरकरांनी चौकात वीसेक फुटांचा चाकू उभा करून आपला अभिमान जाहीर केला. मामींनी टीव्हीवर तो बघितला आणि एवढंच म्हणाल्या, "ह्याने भोपळा बरा चिरता येईल." त्या स्वतः ज्या विळीवर रोज चिरतात तिच्यावर कुठल्याच देशाचं नाव नाही. ती आठवडी बाजारातली आहे, आणि मामा सोडून कुणालाही अजून तिच्याबद्दल शंका आलेली नाही.

यंदा मेहुणा डेन्व्हरहून यायचा होता. काय आणू म्हणून त्याने विचारलं, आणि पुतण्याने परस्पर स्पायडर्को सांगून टाकला. या कंपनीचं घर डेन्व्हरजवळच, गोल्डन नावाच्या गावी. ती काही चाकू तिथे करते, काही जपानमधल्या सेकीला, काही तैवानमधल्या ताइचुंगला, काही चीनमध्ये, आणि जो जिथला त्याच्यावर तिथलं नाव उघडपणे घालते. तैवानचे सगळ्यांत सफाईदार असतात असं मानणारे शौकीनही पुष्कळ आहेत. मामांना ही पद्धत संशयास्पद वाटली. एकाच घरात चार आडनावं कशी?

मेहुण्याने गोल्डनमध्येच बनलेला आणला, विमानात वर पोटमाळ्यावर चालत नाही म्हणून खालच्या बॅगेत, मोज्यात गुंडाळून. किंमत त्याने डॉलरमध्ये सांगितली आणि मामींसमोर रुपयांत करून सांगायचं टाळलं. मामांनी गावनकाशे बघायचं आपलं भिंग काढलं, पातं खिडकीशी नेलं आणि एकेक शब्द मोठ्याने वाचला. "गोल्डन. कोलोरॅडो. यू.एस.ए." मग थांबले, भिंग पुसलं, पुन्हा लावलं. पुढे खरोखरच एक शब्द आणखी कोरलेला होता. "अर्थ."

"पृथ्वी, मामाआजोबा," पुतण्या म्हणाला. "ते लोक तसंच लिहितात."

मामांनी चाकू लांब धरून पुन्हा एकदा न्याहाळला. गाव, राज्य, देश, ग्रह.

"पत्ता व्यवस्थित आहे," ते म्हणाले. "पिनकोड तेवढा राहिला."