दुसऱ्या लिव्हरबद्दलच्या तक्रारी

नवी गाडी शोरूममधून निघते तेव्हा सगळं यथासांग होतं. बॉनेटवर हार चढतो, नारळ फुटतो, चाकांखाली लिंबं ठेवली जातात, पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली हातात देऊन घरच्यांचा फोटो निघतो. फोन ब्लूटूथला जोडून मिळतो, सनरूफ उघडून दाखवतात. गिअरशेजारच्या दुसऱ्या लिव्हरबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. ही लिव्हर असलेल्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या रस्त्यांवर आता रोज दिसतात आणि माझ्या बहुतेक तक्रारींचं मूळ त्या न सांगितलेल्या माहितीत आहे.

पहिली तक्रार कोरड्या रस्त्याची. फोर बाय फोर थार गाडीत या लिव्हरवर टू-एच (फक्त मागच्या चाकांना जोर), फोर-एच (चारही चाकांना जोर), एन (न्यूट्रल) आणि फोर-एल (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर) अशा चार जागा असतात. फोर-एच टाकला की गाडी रस्त्याला घट्ट धरते, अशा समजुतीने लोक घोडबंदर रोडवर भर उन्हात तो टाकून चालवतात. वळणावर पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. फोर-एचमध्ये मात्र ट्रान्स्फर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी पक्के जोडते. चिखलात चाकं जराशी घसरतात आणि हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर चाकांना घसरायला वाव नसतो, म्हणून ताण आतल्या दात्यांवर येतो. स्टिअरिंग जड होतं, टायर झिजतात, लिव्हर टू-एचमध्ये परत येत नाही आणि मग ‘गाडीतच दोष आहे’ म्हणून सर्व्हिस सेंटरवर भांडण होतं.

दुसरी तक्रार ब्रेकची. पावसाळ्यात कल्याण-शीळ रोडवर मागून एखादी उंच गाडी अगदी बंपरला चिकटून येते, अप्पर मारते आणि बाजूला व्हायला सांगते. चारही चाकांना जोर मिळाल्यामुळे गाडी चिखलातून निघते. ती लवकर थांबत मात्र नाही. ब्रेक साध्या हॅचबॅकलाही चारही चाकांना असतात. उलट वजन जास्त आणि उंची जास्त, म्हणजे ओल्या रस्त्यावर अंतरही जास्त ठेवायला हवं. पुढचा माणूस घाबरून बाजूला होतो, म्हणून ही चूक चालवणाऱ्याला कधी कळतच नाही.

तिसरी तक्रार सर्वांत कमी बोलली जाते आणि मला तिचीच जास्त भीती वाटते. लिव्हर ‘एन’वर असेल तर इंजिन-गिअरबॉक्सचा चाकांशी संबंध तुटतो. अशा वेळी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून उतरलात किंवा ऑटोमॅटिक ‘पी’वर ठेवलीत, तरी ती उतारावरून घरंगळू शकते, धरून ठेवतो तो फक्त हँडब्रेक. आमच्याकडच्या सोसायट्यांत पार्किंग पोडियमवर असतं, तिथे रॅम्प असतो आणि रॅम्पच्या पायथ्याशी मुलं सायकल चालवतात. गाडी उभी असताना पोरांना पुढे बसवून लिव्हरशी खेळू देणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

चौथी तक्रार पुढे बसवलेल्या लोखंडी गार्डची. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना असे अनधिकृत क्रॅश गार्ड काढायला लावण्याबद्दल पत्र लिहिलं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत असे बदल चालत नाहीत. गार्डमुळे धडकेचा जोर भलत्याच वाटेने पोचतो आणि एअरबॅग वेळेवर उघडेल याची खात्री राहत नाही. डोंबिवलीत फडके रोडच्या गर्दीत चालणाऱ्या माणसाला तर त्या लोखंडाचा थेट मार बसतो. गार्ड स्वतःच्या गाडीच्या रक्षणासाठी लावतात आणि तो स्वतःच्याच माणसांची एअरबॅग धोक्यात घालतो, हे मला पटत नाही.

पाचवी तक्रार पाण्याची. उल्हास नदीला पूर आला की कल्याण-मुरबाड मार्गावर रायता पुलावरून पाणी जातं. वाहतूक थांबते, बस थांबते, ट्रक थांबतात आणि गर्दीतून एक गाडी पुढे निघते. थार 650 मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते, असं तिच्या माहितीपत्रकात आहे. तो आकडा संथ पाण्यासाठी आणि सावकाश चालवण्यासाठी आहे. वाहतं पाणी साधारण 60 सेंटिमीटर झालं की ते बहुतेक गाड्यांना, एसयूव्हीलासुद्धा, उचलून नेऊ शकतं. चाकंच जमिनीवर टेकत नसतील तर चारांना जोर मिळून उपयोग काय? शिवाय पाणी एअर इनटेकमधून इंजिनात गेलं तर इंजिन बंद पडतं आणि ते पुन्हा सुरू करायच्या प्रयत्नात कनेक्टिंग रॉड वाकू शकतात. गाडी पुरात अडकली की तिथे दोरी घेऊन उतरावं लागतं ते गावातल्या पोरांना आणि अग्निशमन दलाच्या माणसांना. त्यांच्या जिवाचा हिशेब कोण करतं?

सहावी तक्रार लहान, पण रोजची. माळशेज घाटात धुकं आणि पाऊस आला की चारी इंडिकेटर लावून गाड्या पळवतात. मग पुढची गाडी डावीकडे वळणार की उजवीकडे, की थांबलेलीच आहे, हे मागच्याला समजत नाही. धुक्यात हेडलाइट खाली ठेवायचे, फॉग लाइट लावायचे आणि वेग कमी करायचा. चारी इंडिकेटर उभ्या गाडीसाठी आहेत.

आणखी एक गोष्ट. जानेवारी 2023 पासून थार फक्त मागच्या चाकांना जोर देणाऱ्या प्रकारातही मिळते. बाहेरून दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात. पुढची गाडी ओढ्यातून गेली म्हणून मागची तिच्या मागोमाग उतरते, तेव्हा आपल्या गाडीत ती दुसरी लिव्हर आहे की नाही, एवढं तरी आधी पाहावं.

माझी मागणी मोठी नाही. डिलिव्हरीच्या दिवशी पेढे वाटण्याआधी अर्धा तास ओल्या मातीवर गाडी चालवून दाखवा. टू-एच कधी, फोर-एच कधी, फोर-एलसाठी गाडी का थांबवायची, एनवर काय होतं, हे मालकाच्या हातून करवून घ्या आणि मगच किल्ली द्या. सोसायटीने रॅम्पवर गाडी उभी करणाऱ्यांना हँडब्रेकची सक्ती करावी. आणि पुलावरून पाणी वाहत असेल तेव्हा, गाडी कोणतीही असो, मागे वळावं.