फक्त चहा!

सलग तीन दिवस सुट्टी आली की मुंबई-पुण्याचा माणूस घराबाहेर पडतो आणि महाड-पोलादपूरचा माणूस घरात सापडतो.

2025 चंच घ्या. 15 ऑगस्ट शुक्रवारी, शनिवारी दहीहंडी, मग रविवार. नवरा-बायकोने ठरवलं, यंदा कुठे जायचं नाही. उशिरा उठायचं, पाऊस बघायचा, दोघंच निवांत. ठरवायला काय जातं?

भूगोल आडवा जातो. पोलादपूरला रस्ता फुटतो. एक आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला, दुसरा कशेडीवरून तळकोकणात. महाडहून एक वाट रायगडाला, एक वरंध घाटाने भोरला. म्हणजे कुठलाही नातेवाईक कुठेही निघो, तुमच्या दारावरूनच जाणार. आणि आपला नातेवाईक दारावरून नुसता जातो कधी?

‘जाता जाता आलो’ म्हणतो. येता येताही येतो.

फोन बहुधा माणगावातून असतो. ‘वहिनी, काही करू नका हं. फक्त चहा!’ फक्त चहा म्हणजे चार पानं जेवायला, हे वहिनीला कळतं, भाऊजींना कळतं. नवरा तेवढा खरोखर चहाच समजून दूध आणायला निघतो. अर्धा लिटर.

माणगावच्या कोंडीला सगळे शिव्या घालतात. महाडची गृहिणी घालत नाही. गाड्या तिथे मुंगीच्या चालीने सरकतात तेवढ्यात इकडे वरण-भात होतो, भाकऱ्या थापून होतात. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे. ते खरंच पुरं झालं, तर या बाईने स्वयंपाक करायचा कधी?

पाहुण्यांची एक प्रगत जात आहे. ती सामान तुमच्याकडे टाकते, रोपवेने रायगड करून येते आणि ‘दमलो बुवा’ म्हणत तुमच्या पलंगावर आडवी होते. महाराज गड चढले, हे पाळण्यात बसून दमले.

बरं, समजा कोणीच आलं नाही. दार लावलं, फोन गप्प. मग तरी निवांत?

नवरा लोळत फर्मावतो, ‘आज फार काही घाट घालू नकोस. साधंच कर. अळूवड्या वगैरे.’ वगैरे! पानं धुवायची, शिरा लाटायच्या, चिंच-गूळ घालून पीठ कालवायचं, पानावर पान लावून उंडे करायचे, उकडायचे, कापायचे, तळायचे. एवढं झाल्यावर हा पहिली वडी तोंडात टाकून म्हणतो, ‘बस ना जरा माझ्याजवळ.’

मग तळायला कोण बसणार?

नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून मिळवलेली रविवारची सुट्टी गिरण्यांना 10 जून 1890 पासून लागू झाली. रविवारी गिरणीचा भोंगा गप्प झाला. चुलीसाठी संघटना काढायची मात्र राहूनच गेली.

केंद्र सरकारने 2024 मध्ये लोकांच्या दिवसभराच्या वेळेचा हिशोब घेतला. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात, तशी कामं करणारे पुरुष 88. या 88 मध्ये ‘मीठ कुठल्या डब्यात आहे?’ हे विचारण्याची मिनिटं धरलीत की वगळलीत?

महाड एमआयडीसीतल्या जोडप्यांची तऱ्हा निराळी. त्याची पाळी फिरती, साप्ताहिक सुट्टी आठवड्यातल्या कुठल्याही वारी. ती शाळेत शिक्षिका, तिचा रविवार पक्का. दोघांचे वार जुळायचे म्हणजे पत्रिकाच परत जुळवायची. कधी रविवारी तो घरी असलाच तर रात्रपाळी करून आलेला. घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. ती भांडी न वाजवता घासते. सहजीवनाचा हाही एक प्रकार; एकजण जागा हवा इतकंच.

‘मग जा ना बाहेर दोघं!’ सांगणारे सांगतात. जायचं कुठे? सुट्टीत घाटातल्या प्रत्येक धबधब्याखाली दुसऱ्या जिल्ह्याच्या गाड्या उभ्या. स्थानिक माणसाला आपल्या डोंगराचं दर्शन घ्यायचं तर मंगळवार बरा. मंगळवारी सुट्टी नसते.

खरी सुट्टी इथे जिल्हाधिकारी देतात. रेड अलर्ट आला की शाळा बंद. वरंध बंद, आंबेनळीत दरड, पाहुण्यांची नाकाबंदी. कारखान्याची बसही येत नाही. अखेर दोघं घरात, एकाच दिवशी, एकाच वेळी, आणि बाहेर धो धो पाऊस. शहरातला कवी इथे कागद शोधेल.

महाडकर सावित्री नदीची पातळी शोधतो. धोक्याची खूण 6.50 मीटर, हे इथे लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं पाठ. 22 जुलै 2021 ला पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. तेव्हापासून बाजारपेठेत पावसाला कोणी रोमँटिक म्हणताना ऐकलं नाही. मग काय? तो फ्रिजचं एक टोक धरतो, ती दुसरं. तांदळाचा डबा वर, मिक्सर वर, कागदपत्रांची पिशवी वर, मोटारसायकल उंचावरच्या गल्लीत. कामाची एवढी समान वाटणी या घरात एरवी कधी झाली होती? सरकारी पाहणीवाल्यांनी याच दिवशी यायला हवं होतं. पण रस्ता बंद.

सामान चढवून झालं. दोघं जिन्याच्या पायरीवर टेकली. तिने स्टोव्ह वरच नेलाय, चहा ठेवलाय, दोन कप. तेवढ्यात मोबाइलला रेंज आली. पुण्याहून तिचा भाऊ.

‘ताई, सगळे ठीक ना? बरं, वरंध घाट कधी सुरू होतोय? शनिवारी निघायचं म्हणतोय.’