नऊवारी, गॉगल आणि थेटरात पिंगा

अगं बाई, कानावर आलं ते खरंच निघालं! भिशीच्या पैशांतून तिकिटं काढली होती!

२०२३ सालची गोष्ट. गुरुवारी आषाढी एकादशी झाली आणि शुक्रवारी, ३० जूनला, 'बाईपण भारी देवा' लागला. पिक्चरला जाणं हा काही गुन्हा नाही. पण नऊवारी नेसून? नाकात नथ, डोळ्यांवर काळा गॉगल आणि पिक्चर संपल्यावर पडद्यासमोर पिंगा? त्यात त्या वर्षी श्रावण अधिक. निज श्रावणातली पहिली मंगळागौर २२ ऑगस्टला आणि ह्या बायकांच्या फुगड्या जुलैतच सुरू! काही शास्त्र म्हणून असतं की नाही?

आमच्या बिल्डिंगमधून चौदा जणी गेल्या. एकाही नवऱ्याला बरोबर घेतलं नाही. एका गृहस्थांनी घरून फोन केला, "मोहरी कुठल्या डब्यात?" उत्तर आलं, "इंटरव्हलला सांगते." इंटरव्हलला फोन बंद.

बरं, पिक्चरमध्ये असं आहे तरी काय? सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. ना मारामारी, ना विशीतली हिरॉईन. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते आणि बाकीच्या चौघी. 'गांधी'तल्या कस्तुरबा मंगळागौर खेळणार म्हटल्यावर तिकिटं कशी मिळणार? दिग्दर्शक केदार शिंदे. ह्यांची खोड जुनीच. २००४ साली 'अगं बाई अरेच्चा!'त ह्यांनीच बायकांच्या मनातलं एका पुरुषाला ऐकवलं होतं. तेव्हा आपण हसलो आणि सोडून दिलं. तिथेच चुकलं. मग २०२१ मध्ये 'झिम्मा'तल्या सात जणी घरच्यांना मागे ठेवून इंग्लंडच्या सहलीला गेल्या, तरी कुणी हटकलं नाही.

खरी कुजबुज पुढे आहे, जरा जवळ या. ह्या बायका तिथे चक्क रडतात! पाळी जाण्याच्या वयातली तगमग, मोडायला आलेला संसार, बहिणी-बहिणींतला अबोला, असलं सगळं चाललेलं असतं. मध्येच असा काही विनोद येतो, की डोळे पुसता पुसता ठसका लागतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू नवरा गेला तेव्हासुद्धा चारचौघांत रडल्या नव्हत्या. त्या तिथे हमसाहमशी रडल्या आणि पुढच्या पाच मिनिटांत पॉपकॉर्न सांडेपर्यंत हसल्या. मी शेजारच्याच खुर्चीत होते म्हणून सांगते. (चौदा जणी मला सोडून. मी आपली नुसती बघायला गेले होते. नऊवारी घरात होतीच.) काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "काही नाही गं, पिक्चरच तसा आहे." झालं, सबब मिळाली! इतकी वर्षं घरात रडायला कांदा चिरावा लागायचा.

बाहेर पडताना बघते, तर सगळ्यांचे गॉगल पुन्हा डोळ्यांवर. रात्रीचे साडेनऊ वाजले होते.

आणि कहर म्हणजे, काकूंनी रिक्षातूनच धाकट्या बहिणीला फोन लावला. माहेरच्या वाटणीवरून दोघींचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. पलीकडून पहिलाच प्रश्न आला, "तू पाहिलास का?"

शनिवारी दोघी मिळून पुन्हा गेल्या. तिकिटाचे पैसे कुणी द्यायचे, यावरून खिडकीपाशीच भांडल्या म्हणे.